दाजींची वनकुटी

आईचा आवाज अजून कानात आहे. पहाटेचा अंधार, जात्याची घरघर, आणि त्यावर तरंगत आलेली तिची ओवी:

लेक दिली मी भिंगारला, उजेडाच्या गं गावाला
तिच्या अंगणी नळ येतो, हात लागंना पोहऱ्याला

ती लेक म्हणजे माझी थोरली बहीण, विजयमाला. आमचं गाव मुळा नदीच्या काठी. ताईचं लग्न झालं आणि पाचसहा वर्षांत धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं. आम्ही कोल्हारला येऊन राहिलो. ताई मात्र भिंगारच्या जुन्या बाजारातल्या त्या दोन भाड्याच्या खोल्यांत तीस वर्षं राहिली. पाणी आलं की नळाखाली हंडा लावायची आणि नुसती बघत उभी राहायची. देवाच्या पिंडीवर धार धरावी तसं तिचं ते बघणं.

तिचे यजमान, म्हणजे आमचे रंगनाथ दाजी, लष्कराच्या डेपोत कारकून. साहेब लोकांच्या टेबलावरचं रंगीत मासिक त्यांनी कधीतरी चाळलं. त्यात लाकडी ओंडक्यांची केबिन होती, पुढं तळं, तळ्यात गळ टाकून बसलेला एक गोरा. बस्स. तो गोरा दाजींच्या अंगात शिरला तो निघेचना.

शहाण्णव सालची गोष्ट. रिटायरमेंट जवळ आली आणि दाजींनी मुळेच्या धरणाकाठी जागा घेतली. काकासाहेब नावाच्या गृहस्थानं स्टँप पेपरवर करून दिली. शिमग्याला जागा बघितली, पाडव्याला कुदळ मारली, आणि वैशाखात आम्हाला तीन दिवसांच्या मुक्कामाचं बोलावणं आलं. केबिन, जंगल आणि मासेमारी.

केबिन म्हणजे बाभळीच्या ओंडक्यांची एक खोली, वर पत्रा. दारावर पाटी: ‘वनकुटी’. आतली खाट, कंदील, मच्छरदाणी, सगळं डेपोच्या लिलावातलं, सगळं खाकी. जंगल म्हणजे वेड्या बाभळीचं रान. रात्री कोल्हं ओरडलं की दाजी उठून म्हणायचे, “वाईल्ड! कंप्लीट वाईल्ड!”

त्यांच्याबरोबर त्यांच्या ऑफिसातले राधाकृष्णराव आले होते. दोघंही कॅनव्हासच्या खुर्च्यांवर पाय पसरून निसर्गाशी एकरूप झाले होते. एकरूप होता होता दर तासाला चहा लागत होता. तो आम्ही दोघी बहिणी चुलीवर करत होतो.

“गॅसच्या चहाला ही चव नाही,” राधाकृष्णराव म्हणाले.

“धुराची चव हाय ती,” ताई डोळे पुसत म्हणाली. “आमच्या डोळ्यांतली.”

दोघंही मोठ्यानं हसले. बाई विनोदी आहे, असं त्यांचं मत पडलं.

दाजी सकाळी सातला गळ टाकायचे. गळही लिलावातलाच, एका कर्नलचा. कणकेची गोळी लावून बारापर्यंत बसायचे.

“मासा धरणं हा मुद्दा नाही, झुंबरबाई,” ते मला म्हणाले. “पेशन्स हा मुद्दा आहे.”

मासा कानिफनाथ आणून द्यायचा. तिथला भोई, दाजींनी राखणीला ठेवलेला. पहाटे जाळं ओढून रोहू आणायचा आणि मान खाली घालून म्हणायचा, “साहेब, तुमच्याच गळाजवळचा हाय.” दाजी माशाचा फोटो काढायचे. खवले आम्ही काढायचो.

केबिनच्या अंगणात जिथं बघावं तिथं शिंपले. राधाकृष्णरावांनी नातवासाठी पिशवीभर वेचले.

“इथं इतके शिंपले कसे हो?”

“लाखो वर्षांपूर्वी समुद्र होता इथं,” दाजींनी तळ्याकडं हात केला. “मी वाचलंय.”

मागं एक वाळलेली बाभळ उभी होती. तिच्या शेंड्याला फाटकं जाळं लोंबत होतं.

“आणि हे इतक्या वर कसं गेलं?”

“वारा,” दाजी म्हणाले. “डोंगरातला वारा तुम्हाला माहीत नाही, साहेब.”

कानिफनाथ लाकडं फोडत होता. त्याची कुऱ्हाड क्षणभर वरच राहिली. मग त्यानं ताईकडं बघितलं, ताईनं चुलीकडं बघितलं, आणि कुऱ्हाड खाली आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी घासायला आम्ही पाण्याशी गेलो. पाणी खूप खाली होतं. जाता जाता पायाखाली भेगाळलेला काळा गाळ, मऊ, एखाद्या म्हातारीच्या तळव्यासारखा. ताईनं हातातली राख बाजूला ठेवली आणि समोर बोट केलं.

“तो बगळा बसलाय ना, तिथं आपलं घर.”

मी तिकडं बघत राहिले. मग मागं वळून केबिनकडं बघितलं. मधलं अंतर हाकेचं.

“ताई, मग ही जागा...”

“गाळपेर,” ती म्हणाली.

उन्हाळ्यात धरण ओसरलं की जी जमीन उघडी पडते ती गाळपेर. सरकारकडून सालापुरती घ्यायची, एक पीक काढायचं आणि श्रावणभादव्यात पुन्हा पाण्याच्या हवाली करायची. धरणाकाठच्या शेंबड्या पोरालाही ते कळतं. दाजींनी मात्र पदरची पुंजी ओतून तिथं दगडी जोतं बांधलं होतं.

“त्यांना सांगितलं न्हाईस?”

“त्यांनी विचारलं का?” ताई कढईवर राख घासत म्हणाली. “तीस वर्षं झाली लग्नाला. माझं माहेर धरणात गेलंय एवढं त्यांना ठाऊक हाय. धरणात कुठं, ते एकदा तरी विचारायचं! जागा घेऊन आले, पेढे वाटले. मी काय बोलणार होते?”

“अगं पण...”

“त्यांना इथं कायमचं ऱ्हायचंय, झुंबरे. मला घेऊन. पुन्हा घागर, पुन्हा सरपण, पुन्हा लोटा घेऊन झुडपामागं. साहेबलोक तीन दिवस ऱ्हाऊन जातील, मी तिनशेपासष्ट दिवस चहा करीन. मी न्हाई भांडत. श्रावण येऊ दे. पाणीच सांगंल त्यांना. मग गुमान भिंगारला येतील.”

कानिफनाथ जवळच जाळं झाडत होता. तो हलकेच म्हणाला, “बाई, काकासाहेबांनी मला तोंड उघडू नको म्हणून दम दिलाय. पण तुमी तर हितल्याच. तुमीच न्हाई बोलल्या, मंग मी कशाला बोलू?”

“बोलू नकोस,” ताई म्हणाली आणि कढई अशी खंगाळली की पाणी माझ्या लुगड्यावर उडालं.

तिसऱ्या दिवशी जेवून निघायचं होतं. टेम्पो येऊन उभा होता. पुरुष पाटावर बसले, ताई भाकरी थापत होती, मी वाढत होते. दाजींनी हात वर केला. भाषणाच्या वेळी करतात तसा.

“आता एक आनंदाची बातमी. हिलासुद्धा सांगितलेली नाही.” ते ताईकडं बघून हसले. “या एकतीसला मी रिटायर. भिंगारच्या खोल्या सोडतोय. मालकाशी बोलून झालंय. उद्या सोमवार, उद्याच किल्ली देणार. एक तारखेपासून मुक्काम वनकुटी!”

“वा!” राधाकृष्णराव म्हणाले. “भाग्यवान आहात, वहिनी.”

माझ्या हातात कालवणाचं पातेलं होतं. मी ताईकडं बघितलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती आणि ती उलटत नव्हती. तिचा सगळा हिशेब पाण्यावर होता, आणि पाण्याआधी किल्ली निघाली होती. श्रावणात केबिन बुडणार, आणि भिंगारला दार नाही.

“अगं, भाकरी,” दाजी म्हणाले.

“जळू दे.” ताई उठली. पिठाचे हात तसेच. “किल्ली देऊ नका.”

“का?”

“श्रावणात हितं पाणी येतं.”

“येऊ दे की. पावसाळ्यात यायचंच पाणी. काठावरच तर आहोत आपण.”

“काठावर न्हाई. काठ तिकडं वर हाय, त्या टेकाडावर. आपण धरणाच्या पोटात बसलोय. ते जाळं वाऱ्यानं न्हाई गेलं शेंड्याला. तिथपर्यंत पाणी असतं, त्यात मासे असतात, आणि भोई वरनं होडी नेतात. व्हय का न्हाई, कानिफनाथा?”

कानिफनाथानं टेम्पोच्या चाकाकडं बघत मान हलवली.

राधाकृष्णरावांनी घास परत ताटात ठेवला. दाजींनी आधी पत्र्याकडं बघितलं, मग बाभळीच्या शेंड्याकडं, मग पुन्हा पत्र्याकडं. बाभळ बरीच उंच होती.

“तुला कुणी सांगितलं हे?”

“कुणी सांगायला कशाला पायजे? तुमचा गळ बसतो तिथं मी धुणं धूत हुते.”

“मग कुदळ मारली तेव्हा बोलली का नाहीस? जोतं चढलं, पत्रा चढला... तेव्हा माहीत नव्हतं तुला?”

ताईनं पदराला हात पुसले. एकदा, दोनदा. आवाज चढला नाही.

“माहीत हुतं. पेढा खाल्ला तेव्हाच माहीत हुतं. पण मला हितं ऱ्हायचं न्हाई, कधीच ऱ्हायचं नव्हतं. म्हणून म्हटलं, बांधू दे त्यांना, बुडू दे.”