जाणाऱ्यांची गर्दी

"बाबा, जरा एका जागी बसा ना," मी म्हणाले आणि लगेच जीभ चावली. सकाळपासून त्यांच्या खाटेभोवती फेऱ्या मीच मारत होते.

दुपारी अडीचला क्रिकेटचा अंतिम सामना होता. आमच्या कंपनीच्या अॅपवर तो थेट दिसणार होता आणि एकाच वेळी दोन कोटी लोक येतील असा अंदाज होता. त्या गर्दीला पुरतील एवढे सर्व्हर आधीच सज्ज ठेवायचे, हे माझं काम. कंपनी पुण्यात, मी सोनपेठला. उपांत्य सामन्यात अॅप अकरा मिनिटं बंद पडलं, तेव्हा नागेश सरांनी बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर घरून काम बंद. बाबांचा उजवा हात अर्धांगवायूने गेलेला, आई नाही. पुण्याचं नाव काढलं की ते भिंतीकडे तोंड करून झोपतात.

"कशाला येरझाऱ्या घालायलीस?"

"दोन कोटी लोक येणारेत, बाबा."

"येऊ दे की. जागा केलीस न्हवं?"

"तिप्पट केली."

"अन् जायाची?"

बाबा बसस्थानकावर नियंत्रक होते. पोखर्णीच्या यात्रेला जादा गाड्या सोडायचं काम वीस वर्षं त्यांच्याकडे होतं. अजूनही लग्नाच्या मांडवात शिरले की आधी माणसं मोजतात.

"येताना मानूस सवडीनं येतंय," ते म्हणाले. "कुनी सकाळी, कुनी जेवून. जाताना समदे एकदाच उठतेत. पहिल्या वर्साला म्या समद्या गाड्या येनाऱ्यांपायी लावल्या. सांजच्याला बाया लेकरं घिऊन पायी निगाल्या. अजून लाज वाटती."

मी जागीच थांबले. उपांत्य सामन्यात अॅप पडलं कधी? भरवशाचा फलंदाज बाद झाला तेव्हा. वैतागलेला माणूस सामना बंद करतो आणि थेट अॅपच्या पहिल्या पानावर येतो. ते पान प्रत्येकाच्या आवडीप्रमाणे वेगळं तयार करावं लागतं. आम्ही शहाणे तेव्हापासून नुसते सामन्याचे सर्व्हर वाढवत बसलो होतो.

सामन्याच्या दिवशी बारानंतर काहीही बदलायचं नाही, असा नियम. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. मी सरांना फोन लावला.

"सर, आजच्यापुरतं सगळ्यांना एकच साधं पान दाखवू या. आवडीनिवडी उद्या."

"माधवी, डोकं ठिकाणावर आहे का? आत्ता?"

"जबाबदारी माझी."

मग ते म्हणाले, "कर. पण बुडालो तर तुझ्या नावावर."

सामना सुरू झाला, मग लाइट गेली. इन्व्हर्टर चालू होता, तरी मी दर दोन मिनिटांनी त्याचा दिवा बघून येत होते. चहा दोनदा गार झाला. साडेपाचला तो फलंदाज बाद झाला. बाबांनी कपाळावर हात मारला आणि मी नखं खात लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत राहिले. एक मिनिट गेलं. दोन गेली. कोटभर लोक सामन्यातून उठले, पहिल्या पानावर आले, निघून गेले. पान उघडत राहिलं. कुणाला काही कळलंही नाही, आणि आमच्या कामात हीच शाबासकी.

सामना संपल्यावर सरांचा फोन आला. हात कीबोर्डवर होते म्हणून मी स्पीकर लावला.

"मोठे साहेब खूश आहेत. विचारत होते, ही मुलगी तिकडे सोनपेठला काय करते? पुढच्या सगळ्या थेट प्रक्षेपणांची तयारी तुझ्याकडे. पण आता इथं बसून. पहिल्या तारखेला रुजू हो. घरून चालणार नाही."

म्हणजे बुडाले असते तरी पुणे, तरले तरी पुणे. मला हसू आलं. "कळवते," म्हणाले. स्पीकर बंद केला तेव्हा उशीर झाला होता.

बाबांनी सगळं ऐकलं होतं. थोड्या वेळानं ते खाटेवरून उतरले आणि माठाकडे निघाले. त्यांना पाणी नेहमी मीच देते, म्हणून मी उठले.

"बस तू."

त्यांनी डाव्या हातानं झाकण काढून खाली ठेवलं. पेला बुडवला, निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं. मी खुर्ची घट्ट धरून बसले. उभ्यानंच ते पाणी प्यायले, मग पुन्हा पेला भरला आणि सांडत सांडत माझ्यापाशी घेऊन आले.

पेल्यात दोन घोट उरले होते. ते मी सावकाश प्यायले.