जखमेतला हिरवा उजेड

उद्देश

खोली माणसांनी गच्च भरलेली, पण आवाज फक्त पंख्याचा. खिडक्यांना काळे पडदे. बाहेर टळटळीत दुपार आणि आत स्वतःचा हात स्वतःला दिसत नव्हता.

"गेलेलं माणूस कुठे जातं?" उजेडबाबांनी विचारलं, आणि कुणी काही बोलायच्या आत स्वतःच सांगितलं, "जिथे दार उघडं असतं तिथे. जखम म्हणजे दारच की."

मग त्यांनी हातातला जांभळट दिवा लावला आणि समोर बसलेल्या बाईच्या पावलावर धरला. टाचेजवळची जखम हिरवीगार उजळली. मागे कुणीतरी हुंदका दिला.

ती बाई माझी थोरली बहीण. त्या हिरव्या उजेडात तिला तिची गेलेली मुलगी दिसत होती.

बाबांनी एका डबीतलं पांढरं मलम बोटावर घेतलं, काहीतरी पुटपुटले आणि जखमेवर फासलं. उजेड गेला. तिथे नुसतं काळं उरलं. "झोपली," ते म्हणाले. "पण आईचा जीव आहे, पुन्हा हाक मारणार. पुन्हा यावं लागेल."

या प्रयोगाचा उद्देश: ताईचा पाय वाचवणं. बाबा गेले खड्ड्यात.

साहित्य

ताईला साखरेचा आजार आहे. नवा बूट चावला, फोड आला, फुटला, आणि तिला पत्ताच नाही, कारण पावलांची जाणीव कमी झालेली. त्याच्या वर्षभर आधी तिची मुलगी चिमणी गेली, तापाने, चालायला शिकायच्याही आधी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. हे वाक्य मी ताईला इतक्यांदा ऐकवलं की शेवटी ते मलाच खोटं वाटायला लागलं.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, जखम धुतली नाही आणि गोळ्या घेतल्या नाहीत तर पाय कापावा लागेल. ताईने मान डोलावली आणि गोळ्या उशीखाली ठेवून दिल्या. बाबांनी बजावलं होतं, औषधाने पोर भाजेल.

"भाजली तर?" तिने मला विचारलं.

मी तावातावाने गेले होते. तिची पट्टी बदलून परत आले.

मी जखमांवरच काम करते, प्रयोगशाळेत. आपल्या कातडीचा स्वतःचा पहारा असतो: प्रथिनांचे बारीक तुकडे, पेप्टाइड म्हणतात त्यांना. जंतू आला की ते त्याच्या सालीला भोकं पाडतात, आणि जखम भरणाऱ्या पेशींना हाकही घालतात. साखर वाढलेली राहिली की हा पहारा पेंगतो. मग आत कोण कोण शिरतं ते आम्ही भिंगाखाली बघतो. त्यातल्या एका जंतूला मी चांगली ओळखते. जांभळ्या दिव्याखाली तो हिरवा चमकतो.

कृती

ताईची पट्टी बदलताना मी कापसाच्या बोळ्यावर थोडा स्राव घेतला आणि त्यातले जंतू प्रयोगशाळेच्या बशीत वाढवले. पुढच्या बैठकीला ती बशी झाकण चिकटवून पिशवीत घातली आणि ताईच्या शेजारी बसले.

बाबांनी दिवा लावताच मी बशी त्याखाली सरकवली. ती अख्खी हिरवी उजळली.

बाबा गडबडले, पण क्षणभरच. "बघा, दुसरा आत्मा आला."

"कुणाचा हो?" अंधारातून एका म्हाताऱ्या बाईने विचारलं. "आमच्या ह्यांचा असेल तर परत पाठवा."

कुणीतरी फिसकन हसलं. त्या खोलीत पहिल्यांदाच.

मी सांगितलं की हे जंतू आहेत, ताईच्या जखमेतले, खाऊ घालून वाढवलेले, आणि आता लाखोंनी आहेत. "बाबा, यातली चिमणी कोणती?"

बाबा दिवा विझवायला गेले, तोवर मी त्यांचं मनगट धरलं होतं. दुसऱ्या हाताने डबीतलं मलम बशीच्या झाकणावर फासलं. उजेड गेला. पुसलं. उजेड आला. पुन्हा फासलं, पुन्हा पुसलं. हा दुकानातला नोटा तपासायचा दिवा आहे, मी म्हटलं, आणि हे जस्ताचं मलम त्याचे किरण पिऊन टाकतं. खालचे जंतू मजेत असतात. पाय सडवत असतात.

निरीक्षण

"पण मलमाला तिचाच वास येतो," ताई म्हणाली. "तो कसा खोटा?"

याची तयारी मी केली नव्हती. डबी नाकाशी नेली आणि तो वास मलाही आला: दुपट्यांचा, पावडरीचा, आमच्या घरातल्या त्या कोपऱ्याचा. मग कळलं.

"ताई, लंगोटाच्या जागी पुरळ उठलं की तू तिला हेच लावायचीस."

ती डबी हातात घेऊन बसून राहिली. कुणीतरी उठून पडदा ओढला. ऊन आत आलं. बाबा उन्हात बरेच लहान दिसत होते.

अनुमान

गोळ्या उशीखालून निघाल्या. डॉक्टरीणबाईंनी जखम खरवडून साफ केली. टाचेचा लचका गेला, पाय राहिला.

"त्या बशीचं काय केलंस?" ताईने एकदा विचारलं.

"वाफेत घालून जंतू मारले. नियम आहे."

तिने पायाची पट्टी चाचपली. मी म्हटलं, चिमणी जन्मली तेव्हा तिच्या अंगावर पांढरा लेप होता, आठवतो? त्यातही कातडीचा हा पहारा होता, पेप्टाइडचा. सगळ्याच बाळांच्या अंगावर असतो.

"म्हणजे तिच्या अंगावर होता तोच माझ्या पायात?"

"तोच नाही. तसाच."

"तसाच चालेल," ताई म्हणाली.

मी अजूनही प्रयोगशाळेत रोज तसाच जांभळा दिवा लावते, आणि बंद करण्याआधी हात उगाच थबकतो. तिथे कुणी नसतं, हे मला माहीत आहे. म्हणून तुम्हालाही सांगते: जखम धुवा, झाकून ठेवा, डॉक्टरांना दाखवा. आणि कुणी अंधारात तुमचं माणूस दाखवू लागलं, तर आधी उठून पडदा बाजूला करा. ते खरंच आलेलं असेल, तर उन्हातही दिसेल.