बंद झाकणाची गाडी

पिशवी पारदर्शक होती आणि तिच्यात कवळी होती. वरची. गुलाबी हिरडीची, घासूनपुसून लख्ख केलेली — सासूबाईंच्या तोंडात असताना ती इतकी लख्ख कधीच दिसली नव्हती. फाटकाच्या कडीला पिशवी अडकवून वर हलकी गाठ मारलेली, आपोआप सुटणार नाही पण बोटानं सहज सोडवता येईल अशी, म्हणजे मामांचीच गाठ. ती दारात चहाचा कप घेऊन उभी राहिली आणि दात तिच्याकडे बघत राहिले... दात कसे बघतील? पण बघतायत असं तिला वाटलं खरं. आतून नवऱ्याच्या खाकरण्याचा आवाज आला तशी तिनं लगबगीनं जाऊन पिशवी सोडवली आणि गाऊनच्या खिशात कोंबली.

मामा म्हणजे त्यांच्या रस्त्यावरचा कचरा नेणारा माणूस. स्वतःची एक जुनी उघडी गाडी, तिला रबरी भोंगा, त्यामुळे तोंडावर मामा आणि माघारी भोंगा. कचरा गाडीत ओतण्याआधी डब्यात एकदा हात फिरवायचा आणि चुकून गेलेलं बाजूला काढायचं, ही त्यांची रीत. खरकट्याबरोबर गेलेले चमचे, कपाटाची किल्ली, एकदा तर समोरच्या डॉक्टरीणबाईंची अंगठी — सगळं धुऊन, पिशवीत घालून, दुसऱ्या दिवशी फाटकाला हजर. साऱ्या रस्त्याला त्यांचं कोण कौतुक! तिलाही होतंच की. फक्त, दात कुणी मुद्दाम टाकत असेल हे मामांच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं.

पहिल्यांदा कवळी परत आली तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं की मामा, ज्यांची होती त्या गेल्या, आता ही कुणाच्या तोंडात बसवू? पण ते भोंगा वाजवून हसत उभे होते — 'म्हातारीची आठवण हो बाई, बरं झालं माझ्या नजरेला पडली!' — आणि तिच्या तोंडून निघून गेलं, 'अगदी वेळेवर सापडली हो मामा.' झालं! तेव्हापासून तिच्या डब्यावर त्यांची खास नजर. दुसऱ्या वेळी तिनं कवळी कागदात गुंडाळून टाकली, या वेळी भाज्यांच्या सालींच्या पार तळाशी. लांबच्या कुठल्या तरी वस्तीतल्या डब्यात नेऊन टाकावी असंही मनात येऊन गेलं होतं, पण पर्समध्ये कवळी घेऊन बसमध्ये बसायचं आणि अनोळखी डब्यात ती सोडून यायचं... म्हातारीला परक्या स्टेशनवर बसवून पळून आल्यासारखं. छे, ते काही जमलं नसतं.

"भाषण झालं का पाठ?" नवऱ्यानं पेपरातून डोकं न काढता विचारलं.

"भाषण कसलं, चार वाक्यं तर आहेत."

"चार असू देत, पण ठणकावून बोल. सगळ्या रस्त्याची भिस्त तुझ्यावर आहे बाई!"

यापुढे साऱ्या शहराचा कचरा एकाच कंपनीनं उचलायचा, परवाना त्या एकटीला आणि बाकी सगळ्या लहान गाड्या बंद, अशी नगरपालिकेची योजना होती आणि आज दुपारी त्या योजनेवर सुनावणी होती. रस्त्याच्या वतीनं हरकत घ्यायला सगळ्यांनी तिलाच पुढे केलं होतं. उभा जन्म शाळेत शिकवण्यात गेलेला, आवाज खणखणीत. मुद्दे तिनं स्वतःच काढले होते आणि ते खरेही होते — एकच कंपनी उरली की दर तीच ठरवणार, गाडी आली नाही तर दाद कुणाकडे मागायची, आणि एवढी मोठी गाडी या रस्त्यात वळणार तरी कशी. मामांच्या पोटावर पाय येईल, या वयात ते दुसरं काय करणार, हा मुद्दा तिनं शेवटी ठेवला होता. तो तिला मनापासून पटलेला होता. पण कप विसळताना खिशातली पिशवी मांडीला टोचली आणि मनात आलं, होऊ दे की बंद.

ती चपापली. हे कोण बोललं? मी? मामांसारख्या माणसाची गाडी बंद व्हावी, असं मला वाटतं? आणि तेही कशासाठी, तर एका कवळीसाठी?

कवळीसाठी नाही... मग कशासाठी? मामांना काय माहीत नव्हतं! सासूबाईंचं जेवण सुटत चाललंय हे घरातल्यांच्या आधी मामांना कळलं होतं, डब्यातल्या खरकट्यावरून. 'म्हातारी पातळावर आली वाटतं,' एवढंच हळू आवाजात म्हणाले होते. औषधांच्या बाटल्या त्यांनी नेल्या, लंगोट त्यांनी नेले, आणि त्या बशीचे तुकडेही — घरात दुसरं कुणी नसताना, सासूबाईंनी भरवलेला घास तिसऱ्यांदा थुंकला तेव्हा तिनं भिंतीवर भिरकावलेली बशी. 'काचा कागदात बांधून ठेवत जा बाई, हात कापतो,' म्हणाले. पण हातातून निसटलेली बशी अशी फुटत नाही, हे त्यांना कळलं नसेल? आणि नवरा अजून येईल त्या पाहुण्याला सांगतो, हिनं माझ्या आईचं हसत हसत केलं. खोटं तरी कसं म्हणायचं? हसलीही होती ती. रात्री कवळी वाटीत काढून ठेवली की सासूबाई एकदम लहान दिसायच्या, बोळक्या तोंडानं तिचा हात धरून ठेवायच्या, आणि तिला त्यांची भारी माया यायची. सकाळी कवळी बसवली की पुन्हा तोंडाचा पट्टा सुरू. यातल्या कुठल्या बाईला आपण फेकून देतोय, हे तिला कळत नव्हतं. साडी नेसताना तिनं पिशवी पर्समध्ये टाकली, नवऱ्याच्या हाती लागायला नको म्हणून.

सभागृहात पंखे होते पण वारा नव्हता. अधिकारी तरुण होता, चटपटीत होता. "बंद झाकणाचा डबा, बंद झाकणाची गाडी," तो सांगत होता, "कचरा एकदा दारातून निघाला की कुणाच्या नजरेला पडणार नाही. संपला विषय." सभागृहात नाराजीची कुजबुज झाली आणि तिच्या मात्र अंगावरून सुखाची शिरशिरी गेली. संपला विषय... असं खरंच असतं? मागच्या भिंतीशी मामा उभे होते, इस्त्रीच्या शर्टात, टोपीशिवाय ओळखू न येणारे. तिची नजर गेली तशी त्यांनी मान हलवली. केवढा तो विश्वास! तिला त्यांचा रागच आला.

तिचा नंबर आला. दराचा मुद्दा झाला, दाद मागण्याचा झाला, गाडी वळण्याचा झाला, टाळ्या पडल्या. "आणि आमचे मामा," ती म्हणाली, "आमच्या डब्यात हात घालून बघतात. चुकून गेलेलं परत आणून देतात." इथं थांबायचं ठरलं होतं. "माझ्या सासूबाईंची कवळी त्यांनी तीनदा परत आणून दिली."

सभागृह खदखदून हसलं.

"ती चुकून गेली नव्हती," ती म्हणाली. "मी टाकली होती."

हसणं विरलं. अधिकारी पुढे झुकला. "म्हणजे बाई, तुम्हांलासुद्धा त्रासच झाला ना? बंद गाडी असती तर ही वेळच आली नसती."

"नसती आली."

"मग तुमची हरकत आहे की नाही?"

आहे की नाही? शाळेत तिनं पोरांना किती दटावलं होतं, आधी विचार करा, मग तोंड उघडा. "मला ती परत नको आहे," ती सावकाश म्हणाली, "पण ती कुणाला दिसणारच नाही, हेही नको आहे."

टिपणं घेणारा कारकून पेन उचलून बसला होता. "साहेब, यातलं काय लिहू?"

"हरकत लिहा," ती म्हणाली.

कारकुनानं तेवढंच लिहून घेतलं. मामांचं तोंड पडलं असेल, की त्यांना काही उमगलंच नसेल... ते नंतर. आता मागे वळून खुर्चीपर्यंत जायचं होतं, आणि शेजारच्या खुर्चीत नवरा होता. तो हसणाऱ्यांत होता का, तेही तिला ऐकू आलं नव्हतं. का टाकलीस असं तो विचारेल, आणि आपण काय सांगू हे तिला ठाऊक नव्हतं, बशीचं सांगू की बोळक्या तोंडाचं, की दोन्ही. माईकची दांडी धरून ती उभीच राहिली. घरी जाईपर्यंत त्यानं हे हसण्यावारी नेलं तर, गप्प बसून विसरून गेला तर, याची तिला एकाएकी फार भीती वाटली... अहो, विचाराल ना?