कवळीकाकांचं जुनं माप

हात

तिसरी कवळीही बसेना, तेव्हा कवळीकाकांनी हातोडी उचलली.

कवळी गिऱ्हाइकाची नव्हती, स्वतःची होती. पुढच्या तीन दातांची, इवलीशी. घासून पाहिली, पुन्हा घासली. एका बाजूनं दाबली की दुसरी बाजू वर उचलायची. जन्मभर लोकांच्या तोंडात दात बसवणाऱ्या माणसाला स्वतःचे तीन दात बसवता येईनात.

बायकोनं हातोडी काढून घेतली. काका शांतपणे म्हणाले, हात गेला. उद्या डॉक्टरीणबाईंना सांगून टाकतो, नवं काम पाठवू नका.

हातोडीपेक्षा हे वाक्य तिला जड गेलं.

तोंड

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम बरोबर गेली. काकांना काम पाठवणाऱ्या या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांचं म्हणणं निम्म्यावर तोडलं.

"काका, आ करा."

बाईंनी आरसा फिरवला. उरलेल्या दातांमधून हिरड्या फुगून दातांवर चढल्या होत्या. बोट लागताच रक्त आलं.

"माप कधी घेतलं होतं?"

काका घुटमळले. तिन्ही कवळ्या त्यांनी कपाटातल्या, आपल्या तोंडाच्या जुन्या साच्यावरच केल्या होत्या. गिऱ्हाईक दहा वेळा आलं तरी दहा वेळा नवं माप घेणारा हा माणूस.

"आपल्याच तोंडाचं माप काय घ्यायचं?" ते पुटपुटले.

बायको खिडकीबाहेर बघत हसली.

गोळी

औषधं कोणती चालू आहेत, असं बाईंनी विचारलं. बायकोनं पिशवीतून पाकीट काढलं. प्रेशरची गोळी, गेल्या वर्षी सुरू झालेली. पाकीट उलटसुलट करून बाई म्हणाल्या, ही कॅल्शियम अडवणारी गोळी.

काका ताठ बसले. कॅल्शियम अडवते, म्हणजे हाडं खाते की काय?

तसं नाही, बाईंनी समजावलं. रक्तवाहिन्यांच्या भिंतींतल्या स्नायूंत कॅल्शियम शिरतं, तिथे ही आडवी येते. मग वाहिन्या सैलावतात, प्रेशर उतरतं. या गोळीनं एखाद्याच्या हिरड्या वाढतात. दात नीट घासले जात नसतील तर जास्तच.

काकांचं कुतूहल आता आवरेना. हिरड्याच का? कान का नाही वाढत? मग बायकोच्या का नाही वाढल्या, तीही हीच घेते की!

"खरं सांगू? सगळं मलाही ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "पण गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही हं. दात मी साफ करते. गोळी बदलायची की नाही ते तुमचे प्रेशरचे डॉक्टर ठरवतील. आणि काका, हाताला काही झालेलं नाही. हिरड्या वाढल्या, साचा जुनाच राहिला."

काकांनी दोन्ही हात मांडीवर पालथे घातले आणि दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे पाहिले.

माप

गोळी बदलली. काही महिन्यांनी हिरड्या ओसरल्या. काका स्वयंपाकघरात स्टुलावर बसले, मापाचा लगदा भरलेली, दातांच्या कमानीसारखी ताटली त्यांनी दातांवर दाबली आणि तोंड उघडं ठेवून थांबले.

बायको समोर येऊन बसली.

"अहो, आता बोलता येत नाही ना? मग ऐका. हात गेला म्हणालात, त्या दिवशी मी फार घाबरले होते. तुमचं प्रेशर निघालं तेव्हासुद्धा इतकी घाबरले नव्हते."

काकांनी मान हलवायला घेतली.

"हलू नका. माप बिघडेल."

ते हलले नाहीत. लाळ हनुवटीवरून ओघळली. तिनं ती हातानं पुसली आणि लगदा घट्ट होईपर्यंत हात तिथेच धरून ठेवला.