निजवला की बोलणारा माणूस

माझ्या नवऱ्याचं थोडंसं दफन झालेलं होतं. बाकीचा हॉस्पिटलात, खिडकीजवळच्या खाटेवर.

ट्रकवर गवताच्या गाठी रचताना शायलो वरून पडला. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेला. मेंदू सुजून बाहेर यायला बघत होता, म्हणून डोक्याच्या उजव्या बाजूचं हाड काढलं. त्या हाडाचे तुकडे झाले होते, पुन्हा बसवण्यासारखं नव्हतं, तेव्हा ते फेकून देणार होते. माझ्या सासूनं, एनेनं, दारच अडवलं.

"माझ्या पोराचं हाड कचऱ्यात? आधी मला टाका."

नर्सनं गुपचूप डबी हातात दिली. एनेनं ती पांढऱ्या कापडात बांधली, मांडीवर घेऊन मिनीबसनं आमच्या गावी, कोचकोरला नेली आणि कबरस्तानात सासऱ्यांच्या शेजारी पुरली. मुल्लानं दुआ म्हटली. वीतभर ढिगारा. बर्फ पडल्यावर दिसेनासाही झाला.

त्यात वावगं काही नव्हतं. कापलेलं अंग मातीलाच द्यायचं असतं. वावगं पुढे झालं. गुरुवारी आम्ही गेलेल्यांच्या नावानं बोरसोक तळतो. पिठाचे गोळे कढईत फुलले की तेलाचा वास वर जातो, तेवढ्यानं त्यांचं पोट भरतं. एनेनं सासऱ्यांचे तळून झाले की कढई उतरवायची सोडून आणखी मूठभर टाकायला सुरुवात केली.

"हे कुणाचे?"

"त्याचे."

"एने, तो जिवंत आहे हो!"

"जेवढा जिवंत आहे तेवढ्याला तू घाल. गेलाय तेवढ्याचं मी बघते. उपाशी राहिला तर उरलेल्याला खाली ओढील."

मी कढई घासली.

मग शायलोच्या डोक्यात पाणी साचू लागलं. हाड नव्हतं तिथली कातडी फुगली. डॉक्टरांनी डोक्यापासून पोटापर्यंत कातडीखालून बारीक नळी घातली, म्हणजे जादा पाणी पोटात उतरेल. उतरलं. इतकं उतरलं की फुगवट्याच्या जागी खळगा पडला, वाटीभर शोरबा राहील एवढा.

आणि त्या खळग्याबरोबर माझे दोन नवरे झाले.

उशांना टेकवून बसवला की खळगा खोल जायचा. डावा हात मांडीवरून घसरायचा, तोंड उघडं पडायचं, आणि डोळ्यांत कुणीच नसायचं. उशा काढून सपाट निजवला की हळूहळू खळगा भरून यायचा, आणि शायलो बोलायचा. आमच्याकडे शायलो म्हणजे निवडणूक; त्या दिवशी जन्मला म्हणून नाव शायलोबेक. बोलण्यात हरणं त्याच्या नशिबातच नाही.

"जिपार, खालून तुझ्या नाकपुड्या केवढ्या दिसतात गं. घोडी झालीस की."

"मग लगाम घाल उठून."

"उठलो की जातो ना मी," तो सहज म्हणायचा. कुठे जातो ते मी कधी विचारलं नाही. विचारवलंच नाही.

कानिशाय डॉक्टर लहान चणीची बाई, बोलणं मात्र कुऱ्हाडीसारखं. तिनं आम्हा दोघींना बाकावर बसवलं.

"डोक्याला आता धातूचं झाकण बसवायचं. पण झाकणाखाली मेंदू खोल बसलेला राहिला तर मधल्या पोकळीत रक्त साचेल, माणूस जाईल. म्हणून आधी काही दिवस नळी बांधून ठेवते. पाणी आतच राहील, मेंदू वर येईल. पण फार साचलं तर त्यानंही जाईल. तेव्हा उलटी झाली, गुंगी आली, तर पळत यायचं माझ्याकडे. आणि तोवर सपाट. बिनउशीचा. कळलं?"

"बिनउशीचा तर मेलेल्याला निजवतात," एने म्हणाली.

"आजी, मी जगणाऱ्यालाच सांगतेय."

बाहेर जिन्यात आल्यावर एनेनं माझं मनगट धरलं. तिचे हात गार होते.

"सूनबाई, एक सांगते, हसू नकोस. निजवलास की बोलतो ना, तो आपला नव्हे. तो मातीतला आहे. तो तिकडे आडवा आहे, म्हणून ह्याला आडवा केला की त्याला तोंड सापडतं. बसलेला आहे तो माझा. मुका असेना."

मी हसले नाही. हसणार होते, पण तेवढ्यात मला आठवलं, निजलेला शायलो दोन-तीनदा म्हणाला होता, पाय गार पडलेत. पायांवर दोन रजया असताना.

नळी बांधली. एने गावाला जाऊन आली. ती गुरुवारी परतली. मी खाटेशी बसून त्याच्या ओठांना ओला कापूस लावत होते. शायलोनं डोळे मिटूनच नाक फेंदारलं.

"कोण तळतंय गं? वास काय सुटलाय!"

"इथे कोण तळणार? इथे कोबीशिवाय काही शिजत नाही."

"माझ्यासाठी तळतायत," तो म्हणाला, आणि असा सुखावून हसला की माझ्या हातातला कापूस खाली पडला.

थोड्या वेळानं एने दारात आली. तिच्या कोटाला तेलाचा वास होता. होताच, मी जवळ जाऊन हुंगला. सकाळी तळून तशीच निघाली होती. म्हणजे वास तिचा. पण तो बोलला तेव्हा ती फाटकाशीही पोचली नव्हती. आणि त्याच्यासाठी म्हणून तळतात हे त्याला कुणी सांगितलं? मी नाही. एनेनं नाही, निजलेल्याशी ती बोलतच नसे.

मी तिला काही सांगितलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याच्याजवळ एकटीला बसायची भीती वाटली. खळगा थोडा वर आला होता, आणि तो वर येताना बघणं म्हणजे... आतून कुणीतरी दार ढकलत असावं तसं.

दुसऱ्या दिवशी दुपारी औषध आणायला खाली गेले. परत येते तो शायलो बसलेला. शेजारच्या दोन खाटांवरच्या उशा गोळा करून एनेनं त्याला टेकवला होता, केस विंचरले होते, कोरा सदरा घातला होता. जणू फोटो काढायचा होता. मान छातीवर, लाळ सदऱ्यावर, आणि वर आलेला खळगा पुन्हा आत.

"काय केलंत हे!"

"वर काढला त्याला. तू पुरत होतीस, मी वर काढला!"

"अहो, मरेल तो!"

"खाली ठेवलास तर येईल तो माझा नसेल!"

मी उशा ओढल्या. ती एक उशी सोडीना. आम्ही दोघी त्याच्यावरून उशीची ओढाताण करत होतो, आणि वॉर्डातला ओठभर मिशांचा एक म्हातारा म्हणाला, "बायांनो, घोड्यांवरच्या खेळात ओढायचा बकरा आहे का तो?" तेव्हा एनेचे हात सुटले. मी त्याला सपाट निजवला. डोकं खाली राहावं म्हणून खाटेचं पायथ्याचं टोक नर्सनं विटा लावून उचललं.

"आता इथेच बसा," मी एनेला म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "दर वेळी पळता. आज बसा, आणि बघा कोण येतो ते."

ती बसली. ओठांतल्या ओठांत दुआ पुटपुटत. बराच वेळ काहीच झालं नाही. तो येणारच नाही असं मला वाटायला लागलं. मग त्याच्या पापण्या हलल्या. एने पुढे वाकली आणि सापाला विचारावं तसं विचारलं, "तू कुठून बोलतोयस?"

शायलोनं तिच्याकडे बघितलं. कपाळाला आठी पडली.

"इथून. तुझ्या कोपराखालून. कोपर काढ आई, हात चेचलास माझा."

एनेनं कोपर काढलं. हात उचलून चोळला, फुंकर घातली, लहानपणी घालायची तशी. मग छातीशी धरला आणि ऑपरेशनच्या सकाळपर्यंत सोडला नाही. उशी घेऊन कुणी नुसतं जवळून गेलं तरी ती डोळे वटारायची. त्याला जरा गुंगी आल्यासारखी वाटली तेव्हा डॉक्टरला हाक मारायला धावली तीच. मी चपला शोधत होते.

"मेंदू बरोबर वर आलाय," कानिशाय डॉक्टर म्हणाली. "उद्याच बसवू."

झाकण बसलं. मग नळी सोडली. टाके सुकल्यावर डॉक्टरनं त्याला बसवायला सांगितलं. मी पाठीखाली हात घातला. एने पायांशी उभी. तो वर आला, आणि आम्ही दोघी श्वास धरून त्याच्या डोळ्यांत बघत राहिलो. आधी रिकामे. मग आत लांबवर काहीतरी हललं.

"काय बघताय दोघी? शिंग फुटलंय का मला?"

एनेनं स्वतःच्या हातानं त्याच्या पाठीशी उशी लावली.

आता तो घरी आहे. बसतो, चालतो, गाईला पाण्यावर नेतो, माझ्या चहाला नावं ठेवतो. फक्त हाक मारली की पहिल्या हाकेला ओ देत नाही. दुसरीला देतो, लगेच, हसून. कान तपासले, चांगले आहेत. डॉक्टर म्हणते, एवढं राहतंच, मेंदूला वेळ लागतो. मी मानते.

पण पहिली हाक मारून मी थांबते ना, तेव्हा एने चुलीपाशी हातातलं काम थांबवते. शायलो समोरच बसलेला असतो. ती त्याच्याकडे बघत नाही, खिडकीबाहेर, कबरस्तानाकडे बघते.

मग मी घाईघाईनं दुसरी हाक मारते.