अर्धा घोडा, अर्धा कोंबडा

मित्रांनो, आखातातल्या गुदैबिया वस्तीतल्या एका बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या मागे पडलेला मी एक लाकडी हिप्पालेक्ट्रिऑन आहे. नाव अवघड आहे खरं. मी ग्रीसच्या पुराणांतला प्राणी, पुढून घोडा आणि मागून कोंबडा.

इथल्याच अमवाज बेटांवरच्या एका ग्रीक हॉटेलासाठी रत्नागिरीच्या इलियासचाचांनी मला चित्र बघून घडवलं. "तू धावणार की आरवणार रे?" असं म्हणत त्यांनी माझं एकेक पीस कोरलं. हॉटेलच्या दारात लहान मुलं माझ्या शेपटीवरून हात फिरवायची. ते माझे सुखाचे दिवस.

पुढे हॉटेल बंद पडलं. तिथले अकाउंटंट सदानंदराव मला घरी घेऊन आले. त्यांच्या पत्नी उल्काताई रोजच्या नेमधर्माच्या, खंडोबाच्या भक्त. माझं तोंड पाहताच त्यांनी हात जोडले.

"अहो, देवाचा घोडा आपल्या पायांनी घरी आला."

"आणि मागचा कोंबडा कुणाचा?"

"तेवढा काढून टाका ना. देव्हाऱ्यात बरं नाही दिसत ते."

मी लाकूड, सांगणार कसा? करवत चालली. मागचे पायही कोंबड्याचेच होते, तेही गेले. उल्काताईंनी मला देव्हाऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलं आणि कपाळी हळदीचा भंडारा लावला. रोज लावायच्या. इतकी माया मला कुणी केली नव्हती.

चंपाषष्ठीला शेजारच्या कश्मिरावहिनी आरतीला आल्या. मला निरखून हळूच म्हणाल्या, "उल्का, हा मागून मोडलाय गं. खंडित मूर्ती पुजतेस?"

उल्काताईंच्या हातातलं तबक तसंच थांबलं. आरती झाल्यावर डोळे पुसत त्यांनी मला लाल फडक्यात गुंडाळलं. सुट्टीत गावी नेऊन नदीत सोडायचं ठरलं. सुट्ट्या आल्या, गेल्या. बॅगेत माझ्यापुरती जागा कधी झाली नाही.

"आई, जस्ट थ्रो इट ना," त्यांची सावनी म्हणते.

"टाकायचं नसतं बाळा. देवाचं आहे ते."

म्हणून मी ना घरात, ना पाण्यात. इथल्या उन्हानं माझ्या मानेला तडे गेलेत. उल्काताई कपडे वाळत घालायला येतात, पण माझ्याकडे पाहत नाहीत.

मित्रांनो, कुणाला घरात घ्याल, तर तो आहे तसा घ्या. त्याचं न पटणारं अंग कापू नका. माझी पिसं केव्हाच कचऱ्यात गेली. आणि कापलं तेही भक्तीनंच, त्यामुळे मला कुणावर रागावताही येत नाही.