भिंतीत खोचलेल्या तारा

विद्यावतीने प्रसूती वॉर्डातला नवा फोन कानाला लावला तेव्हा आत काहीच नव्हतं. गुणगुणही नाही. तिने तार हातात धरून मागे मागे जात भिंतीपर्यंत माग काढला. तारेचं टोक भिंतीतल्या भोकात नुसतं खोचलेलं होतं. ओढताच ते बाहेर आलं, चुन्याची भुकटी आणि झुरळाची वाळकी अंडी घेऊन. तिने हात पदराला पुसला.

इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर तिला अठरा वर्षं झाली होती. बेटावरच्या ब्रीझे वेर्दिएर गावाहून पहाटेची बस धरून ती यायची, आणि दिवसभर शेकडो हाका या खोलीतून त्या खोलीत पोचवायची. त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याऐंशी साली, जुना बोर्ड काढून आपोआप चालणारं नवं यंत्र बसवायचं ठरलं. विद्यावतीला त्याचा आनंदच झाला होता. नर्सने आकडा फिरवला की थेट डॉक्टर बोलेल, मध्ये कुणाची वाट पाहणं नाही.

"वॉर्डांच्या इमारतीत केबलच टाकली नाही, दीदी," यंत्र बसवणारा देवराज खाली बघत म्हणाला. "ऑफिसं आणि ऑपरेशनची बाजू तेवढी झाली. शुक्रवारी मंत्री येणार. एक्केचाळीस फोन नुसते ठेवून द्यायला सांगितलंय."

"आणि जुने?"

"काढून पोत्यात भरले. दोन-दोन फोन दिसायला नकोत म्हणे."

ती तशीच चंद्रमोहनच्या खोलीत गेली. तो इस्पितळाचा प्रशासक, मराठी मंडळाचाही अध्यक्ष. तिच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात पंगतीत वाढायला उभा राहिला होता.

"चंद्रमोहनभाऊ, वॉर्डातले फोन मुके आहेत."

"आठ दिवसांचा प्रश्न आहे, विद्यावती. मंत्री एकच फोन उचलणार, तो चालतो." तो कागदावरून नजर न उचलता बोलत होता. "तू शुक्रवारी चांगली साडी नेस. स्वागताला उभी राहा."

"तोवर जुने तरी जोडून ठेवा. देवराज म्हणतो, जमेल."

"ते भंगार मंत्र्याला दाखवू? पा कास लातेत, बाई, डोकं शिणवू नकोस. आणि माझंही खाऊ नकोस."

तो हसला.

शुक्रवारी दहा वाजता अंगणात मांडव होता. मेजावर एक लाल फोन, त्याला झेंडूचा हार. विद्यावती स्वागताच्या रांगेत उभी राहिली आणि त्याबद्दल तिला स्वतःचीच किळस वाटत होती. मंत्र्याचं भाषण रंगात आलं होतं. तेवढ्यात तिला दिसलं, अंगणाच्या दाराशी पहारेकऱ्याने कुणाला तरी अडवलंय. प्रसूती वॉर्डातली कुंती, नुकतीच लागलेली नर्स. टोपी घसरलेली, छाती धपापत असलेली.

विद्यावती रांग सोडून तिच्याकडे गेली.

"फोन लागतच नाही," कुंती रडवेली झाली होती. "मला वाटलं, मलाच फिरवता येत नाही. पाच-सहा वेळा फिरवला. बाईला फार रक्त जातंय, डॉक्टर ऑपरेशनच्या बाजूला आहेत, आणि हा अंगणातून पलीकडे सोडत नाही."

विद्यावती सरळ मेजापाशी गेली. हार बाजूला केला, लाल फोन उचलला आणि ऑपरेशनच्या बाजूचा आकडा फिरवला. "अलो. प्रसूती वॉर्डात डॉक्टर पाठवा. आत्ता. रक्त घेऊन."

मग पुढच्या खुर्च्यांवरून टाळ्या सुरू झाल्या. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. मंत्रीही टाळ्या वाजवत होते, आणि त्यांच्या शेजारी चंद्रमोहनसुद्धा.

बाई वाचली. प्लेन मान्येन गावची होती ती, पहिलटकरीण. मूल गेलं.

सोमवारी चंद्रमोहनने तिला बोलावून कागद पुढे सरकवला. नर्स कुंतीला नवा फोन वापरता आला नाही, त्यामुळे उशीर झाला, असं त्यात लिहिलं होतं. खाली साक्षीदाराच्या सहीची जागा.

"पोर नवीन आहे, ताकीद मिळेल, बस," तो हळू आवाजात म्हणाला. "नव्या यंत्रावर मुख्य बाई नेमायचीय. आपण एकाच समाजातले. आपणच एकमेकांना सांभाळलं नाही तर कोण सांभाळणार?"

'आपण' हा शब्द त्याच्या तोंडून ऐकताना तिला शिळ्या अन्नाचा वास यावा तसं झालं. भोकातून निघालेली ती भुकटी पुन्हा बोटांना लागल्यासारखी वाटली.

"मी तुमच्यातली नाही," ती म्हणाली.

तिने स्वतःचा कागद लिहिला. कुठल्या वॉर्डात किती फोन, एकाचीही तार जोडलेली नाही, जुने कुणाच्या हुकुमाने काढले, सगळं. देवराजने तो दोनदा वाचला, घाम पुसला, आणि तिच्या नावाखाली आपलंही नाव घातलं.

कागद आरोग्य खात्याकडे गेला आणि चौकशी झाली. कुंतीवरचा ठपका निघाला, एवढं मात्र झालं. चंद्रमोहनला कुणी काही विचारलं नाही. केबल नऊ दिवसांत टाकून झाली. नऊ दिवसांचंच काम होतं ते.

वर्तमानपत्रात फोटो आला होता: फोन कानाला लावलेली विद्यावती, मागे टाळ्या वाजवणारे लोक. खाली छापलं होतं, नव्या यंत्रणेवरचा पहिला कॉल. चंद्रमोहनने तो मोठा करून काचेत बसवला आणि मोठ्या दारापाशी टांगला. येणारे-जाणारे थांबून बघायचे, तिला ओळखून हसायचे.

महिनाभर तिने ते सोसलं. मग सांत्र द फ्लाक गावच्या लहान दवाखान्यात बदली मागून घेतली. तिथे एकच फोन होता, पण तो लागायचा.